जुन्या लेन्समधले दोष कुठून येतात?

मित्रहो, जुन्या लेन्सच्या फोटोत ‘जादू’ आहे म्हटलं की पुढे बोलणंच खुंटतं. मला ती उलगडून बघायला आवडते, कारण तिच्यातल्या बहुतेक दोषांमागे कुणीतरी केलेला हिशोब आहे.

हेलिओस ४४-२ घ्या. ५८ मिलिमीटर, एफ/२ (एफचा आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त). झाइस या जर्मन कंपनीच्या बायोटार लेन्सवरून सोव्हिएत कारखान्यांनी बेतलेली लेन्स. मागे दाट पानं आणि त्यांतून झिरपणारं ऊन असेल, ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारं लेन्समधलं भोक, पूर्ण उघडं असेल, तर पार्श्वभूमी चेहऱ्याभोवती गरगरल्यासारखी दिसते. जरा जवळून बघा. मधले प्रकाशाचे ठिपके गोल आहेत, कडेचे मात्र दोन्ही टोकांना निमुळते. तिरप्या येणाऱ्या किरणांचा काही भाग लेन्सच्या नळीच्या कडेला अडतो, म्हणून असं होतं. असे ठिपके मध्याभोवती रांगेनं लागले की डोळ्याला भोवरा दिसतो. आता रिंग फिरवून एफ/५.६ वर या. ॲपर्चरच इतकं लहान झालं की नळीची कड फारशी आड येत नाही. ठिपके सगळीकडे जवळपास सारखे दिसू लागतात आणि भोवरा विरतो. दोष किती हवा, ते तुम्ही ठरवता!

असा भोवरा हेलिओसच्याही कितीतरी आधीचा. १८४० साली व्हिएन्नात योझेफ पेट्झव्हालनं गणितानं बांधलेली पोर्ट्रेट लेन्स मधोमध धारदार होती, कडांना ढासळायची. तेव्हाच्या फोटोच्या मंद प्लेटसमोर माणसाला फार वेळ निश्चल बसावं लागे. पेट्झव्हालला आधी प्रकाश हवा होता, आणि एफ/३.६ पर्यंत तो पोचला. चेहरा मधेच येणार, मग कडा सुटल्या तरी चालेल. मला हा निर्णय फार शहाणा वाटतो.

कोटिंगचंही, म्हणजे काचेवरच्या परावर्तन कमी करणाऱ्या पातळ थराचंही, तसंच. कोटिंग नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परततो. हवेला लागून असे आठ पृष्ठभाग असले, तर चौथ्या हिश्शाहून जास्त प्रकाश वाटेतच जातो, आणि त्यातला काही आतल्या आत उसळून सावल्यांवर सांडतो. १९३५ मध्ये झाइसमधल्या स्माकुला या शास्त्रज्ञानं कोटिंगची युक्ती काढली, तरी जुन्या एकपदरी कोटिंगनं हे पुरतं थांबत नाही. सूर्यासमोर कॅमेरा धरला की काळा रंग राखाडीकडे झुकतो. सॉफ्टवेअरनं असा धूसरपणा नंतर पसरवता येतो, हे खरं. पण इथे कॅमेरा बोटभर सरकवला तरी फ्लेअर, म्हणजे आत उसळलेल्या प्रकाशाचा डाग, जागा बदलतो, आणि ते बघत बघत फोटो घेता येतो. हा फरक मला मोठा वाटतो. मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांमुळे तर अडॅप्टर, म्हणजे जोडकडं, लावून जवळपास कुठलीही जुनी लेन्स चढते.

बुरशीला मात्र मी सौंदर्य म्हणणार नाही. ती कुणी योजलेली नसते, आणि वाढत गेली की कोटिंग खाते, काचही. जुनी लेन्स घेताना ॲपर्चर पूर्ण उघडा, मागून टॉर्च मारा आणि तिरकं बघा. आत कोळिष्टकासारखे तंतू दिसले, तर ती घेऊ नका.