डोंगर विरघळवताना

मघाशी या टेबलावर मी पाण्याने भरलेले दोन काचेचे पेले ठेवले, एका पेल्यात सैंधवाचा खडा तळाशी सोडला आणि दुसऱ्यात साधारण तेवढाच खडा दोऱ्याने बांधून जेमतेम बुडेल असा टांगला. टांगलेल्या खड्याखाली नीट पाहिलेत तर वळवळणाऱ्या पारदर्शक रेषा सारख्या तळाकडे उतरताना दिसतील. तळाशी ठेवलेल्या खड्याभोवती मात्र सारे शांत आहे. मीठ विरघळलेले पाणी गोड्या पाण्यापेक्षा जड असते, म्हणून वरच्या खड्याला सतत ताजे पाणी मिळते आणि तळाचा खडा आपल्याच खाऱ्या पाण्यात वेढला जाऊन विरघळायचा थांबतो. आल्प्सच्या पोटातून पाण्याने मीठ काढण्याची सारी विद्या जवळजवळ या दोन पेल्यांत आली आहे.

तिथे पाण्याची गरज का पडली, हे त्या खडकाकडे पाहिल्याशिवाय कळत नाही. सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राने मागे ठेवलेले मिठाचे थर आल्प्सच्या घडणीत चिरडले गेले आणि चिकणमाती आणि जिप्सम व अॅनहायड्राइट या खनिजांशी कालवले गेले. या मिश्रणाला तिथले खाणकामगार 'हाझेलगेबिर्गे' म्हणतात. ऑस्ट्रियातील हालश्टाटचे कांस्ययुगीन खाणकामगार कांस्याच्या टिकावांनी त्यातले शुद्ध मिठाचे पट्टे शोधून फोडत असत. त्यांचा एक लाकडी जिना २००३ साली खाणीत सापडला आणि त्याची झाडे इ. स. पूर्व १३४४-४३ मध्ये तोडलेली निघाली. पण पट्टा संपला की टिकाव मीठ आणि माती यांत भेद करीत नाही. पाणी तो करते. ते मीठ तेवढे घेते आणि माती जागच्या जागी टाकून देते.

मध्ययुगापासून रूढ झालेल्या पद्धतीत डोंगरात एकाखाली एक बोगदे खणून, दोन पातळ्यांच्या मध्ये खडकात एक खोली कोरली जाते आणि वरच्या बोगद्यातून तिच्यात गोडे पाणी सोडले जाते. हे पाणी हलके असल्यामुळे छताशीच राहते आणि छतच खाऊ लागते. सुटलेली माती तळाशी बसून घट्ट थर बनते, त्यामुळे खालून गळती होत नाही, आणि मिठाने भरलेले जड पाणी तळाकडून नळाने काढून घेता येते. जर्मनीच्या बव्हेरियातील बेर्श्टेसगाडेनच्या खाणीत असे छत दिवसाला सुमारे एक सेंटिमीटर वर सरकते. म्हणजे खोली तीच राहते, पण डोंगरातून हळूहळू वर चढत जाते. यात खरे कसब पाण्याची पातळी राखण्याचे आहे. पाणी छताला टेकलेले नसेल तर ते बाजूच्या भिंती खात सुटते, खोली पसरत जाते आणि आधार सुटलेले छत केव्हातरी खाली येते.

पाण्याने टिकावाची मेहनत वाचवली खरी, परंतु तिची किंमत खाणीबाहेर वसूल केली. मिठाने पूर्ण भरलेल्या शंभर किलो खाऱ्या पाण्यात सुमारे २६ किलो मीठ असते. ते मिळवायला उरलेले ७४ किलो पाणी उकळून घालवावे लागते, आणि त्या काळी उकळायचे म्हणजे लाकूड जाळायचे. हालश्टाटच्या आसपासची जंगले पुरेनाशी झाली तेव्हा १५९५ ते १६०७ या काळात सुमारे १३,००० पोकळ केलेली झाडांची खोडे जोडून एबेन्झे गावापर्यंत ४० किलोमीटरची नळवाहिनी टाकण्यात आली. लाकूड मिठाकडे ओढत नेण्याऐवजी मीठच लाकडाकडे वाहत निघाले, आणि तेही उतारावरून फुकट. कोरड्या खड्यांना हे कधीच जमले नसते.

जिथे उतार नव्हता तिथली युक्ती मला व्यक्तिशः सर्वांत देखणी वाटते. बेर्श्टेसगाडेनचे खारे पाणी चढ ओलांडून न्यायचे होते, म्हणून गेओर्ग फॉन रायशेनबाख या अभियंत्याने १८१७ मध्ये इल्झांक येथे एक पंप बसवला. डोंगरावरून कोसळणाऱ्या गोड्या पाण्याचा दाब त्याचा दट्ट्या ढकलत असे आणि त्या बळावर खारे पाणी ३५६ मीटर वर चढत असे. कोळसा नाही, वाफ नाही. मीठ विरघळवायला पाणी आणि ते उचलायलाही पाणीच. हे यंत्र १९५८ पर्यंत चालले.

आता खोल्या हाताने कोरण्याऐवजी छिद्रे पाडून त्यांतून पाणी सोडतात, आणि उकळताना निघालेली वाफ दाबून तिचीच उष्णता पुन्हा वापरतात. हालश्टाटच्या डोंगरातले खारे पाणी मात्र अजूनही एबेन्झेकडेच जाते. आता या पेल्यांकडे पुन्हा एकदा पाहा: टांगलेल्या खड्याचा दोरा रिकामा लोंबतो आहे, आणि तळाच्या खड्याचे कोपरे अजून शाबूत आहेत.