आठही दिवे लागले, तरी कॅमेरा बंद का?

(दृश्य: अक्कलकोट रोड एमआयडीसी. यंत्रमागांची खडखड.)

सोलापूर. टॉवेल विणणारा हा कारखाना. पुढे ऑफिस, मध्ये मागांचं शेड, पार मागे गोदाम. गोदामातला कॅमेरा दिवसभर नीट चालतो. अंधार पडला की बंद होतो, चालू होतो, पुन्हा बंद होतो.

ऑफिसपासून गोदामातल्या कॅमेऱ्यापर्यंत नेटवर्क केबल टाकणाऱ्यानं तिला टेस्टर लावून दाखवला होता. एक ते आठ, सगळे दिवे ओळीनं लागले. मग दोष कॅमेऱ्यावर आला. कॅमेरा बदलला, रात्रीचं रडगाणं तेच.

दिव्यांचा टेस्टर एवढंच सांगतो, की या टोकाची तार त्या टोकाला क्रमानं पोहोचली आहे. त्या तारांतून सेकंदाला शंभर कोटी बिट धावतील का, हे त्याला कळत नाही.

(जवळून: ब्लेडनं सोललेली केबल.)

आत आठ तारा, चार जोड्या. प्रत्येक जोडीला पीळ, आणि दर जोडीचा पीळ वेगळा. सुताचा पीळ सुटला तर काय होतं, हे सोलापूरकरांना सांगायला नको. इथे पिळामुळे मागांच्या मोटारींचा विद्युत गोंगाट जोडीतल्या दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच येतो. पलीकडचं यंत्र दोन तारांतला फरक तेवढा वाचतं, त्यामुळे गोंगाट वजा होतो. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी टेलिफोनच्या तारांसाठी १८८१ मध्येच याचं पेटंट घेतलं होतं. गोंगाट असा वजा व्हावा म्हणून तर जॅक, म्हणजे केबलच्या टोकाचं सॉकेट, बसवताना पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडायचा नसतो.

रंगही मनाला येईल तसे लावून चालत नाही. तिसरी आणि सहावी पिन एकाच जोडीची हवी. दोन्ही टोकांना सारखीच गफलत झाली, तर टेस्टरचे आठही दिवे ऐटीत लागतात, पण आत जोड्या फुटलेल्या असतात आणि एकीचा सिग्नल दुसरीत शिरतो. पाच-दहा मीटरवर हे खपून जातं. लांब केबलवर उघडं पडतं.

आणि लांबीला मर्यादा आहे १०० मीटरची. त्यात पक्की टाकलेली केबल ९०, दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्ड, म्हणजे यंत्राला जोडायच्या सुट्या आखूड केबल, मिळून १०. हा हिशेब २० अंश सेल्सिअसचा. उष्णता वाढली की तांब्याचा रोध वाढतो, सिग्नल लवकर क्षीण होतो. ४० अंशांना त्या ९० मीटरचे सुमारे ८४ धरावे लागतात. मे महिन्यात सोलापुरात सावलीतच पारा चाळिशी ओलांडतो, मग पत्र्याखालून गेलेल्या केबलची काय कथा!

मोजायला टेप लागत नाही. केबलच्या आवरणावर मीटरचे आकडे छापलेले असतात. ऑफिसकडचा वाचा, गोदामाकडचा वाचा, वजाबाकी करा. इथे उत्तर आलं ११८.

(जवळून: खरवडलेली तार. आत पांढुरकी चमक.)

हे तांबं नाही. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, रोध तांब्याच्या साधारण दीडपट. कॅमेऱ्याला वीजही याच केबलमधून जाते. रात्री त्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, जास्त वीज ओढली जाते, एवढ्या लांबवर व्होल्टेज पडतं आणि कॅमेरा रीस्टार्ट होतो. केबलच्या स्वस्त बॉक्सचा मोह इथे फार महागात पडतो.

मागांच्या शेडमधून आता फायबर, म्हणजे विजेऐवजी प्रकाशानं सिग्नल नेणारी केबल, टाकली आहे. तिला मोटारींचा गोंगाट बाधत नाही, आणि शेकडो मीटरही चालतात. गोदामात छोटा नेटवर्क स्विच, म्हणजे केबल एकमेकींना जोडणारा डबा, त्याला तिथलीच वीज, आणि पुढे कॅमेऱ्यापर्यंत शुद्ध तांब्याची आखूड केबल.

(दृश्य: सर्टिफायरचा पडदा.)

हा सर्टिफायर. तारेत स्पंद सोडतो आणि प्रतिध्वनी किती वेळात परतला यावरून लांबी काढतो. तार तुटली असेल तर कितव्या मीटरवर, तेही दाखवतो. फुटलेली जोडी त्याच्यापुढे लपत नाही. यंत्र महाग आहे, प्रत्येक कंत्राटदाराकडे नसतं. तरी मोठं काम असेल तर प्रत्येक केबलचा रिपोर्ट वेगळा मागून घ्या, आणि तो फॉल्स सीलिंग बंद व्हायच्या आत.