आरएक्स-७ मध्ये तीन रोटरचं २०बी इंजिन: गिअरबॉक्स जुळवायचा कसा?

नमस्कार मंडळी! माझदा आरएक्स-७, एफडी मॉडेल. तिच्यात २०बी इंजिन बसवायचं ठरलं की लोक लगेच विचारतात, गिअरबॉक्स कोणता लावू? त्याआधी इंजिनाची मागची बाजू नीट बघू, कारण अर्धं उत्तर तिथंच आहे.

२०बी म्हणजे तीन रोटर (पिस्टनऐवजी फिरणारे त्रिकोणी भाग), १९६२ सीसी. हे इंजिन माझदाने १९९० साली आलेल्या युनोस कॉस्मोत दिलं, आणि तेही फक्त ४ गिअरच्या ऑटोमॅटिकबरोबर. त्यामुळे कंपनीचं मॅन्युअल फ्लायव्हील (शाफ्टच्या मागच्या टोकाची जड चकती, जिच्यावर क्लच बसतो) या इंजिनासाठी कधी बनलंच नाही. बेलहाउसिंगच्या, म्हणजे क्लच झाकणाऱ्या गिअरबॉक्सच्या पुढच्या कवचाच्या, बोल्टची जागा मात्र एफडीच्या मूळ दोन रोटरच्या १३बी इंजिनासारखीच. म्हणून एफडीचा मूळ ५ गिअरचा बॉक्स मागे सरळ बसतो. आणि बॉक्स बसला म्हणून काही जण १३बीचं फ्लायव्हीलही चढवून टाकतात. या कामातली सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

(हातात काउंटरवेट)

हे काउंटरवेट, म्हणजे तोल साधणारं वजन. रोटर शाफ्टच्या मध्यापासून सरकून फिरतात. दोन रोटरच्या इंजिनात ते १८० अंशांवर असतात, तीन रोटरमध्ये १२० अंशांवर. पुढचं-मागचं झोकणं मोडायला दोन्ही टोकांना वजन लागतं. १३बीच्या मूळ मॅन्युअल फ्लायव्हीलमध्ये ते ओतकामातच धरलेलं असतं, आणि ते १३बीच्या रोटरांसाठी मोजलेलं असतं. तेच २०बीला लावलं तर थरथर सुरू होते. असंतुलनाचं बळ आरपीएमच्या वर्गाने वाढतं, म्हणजे ४०००च्या तुलनेत ८०००ला चौपट. बेअरिंग किती टिकणार, तुम्हीच सांगा.

उपाय सरळ आहे. २०बीचं ऑटोमॅटिकचं मागचं काउंटरवेट जपून ठेवा आणि त्यावर बोल्टने बसणारं सपाट फ्लायव्हील घ्या. शाफ्टचा निमुळता भाग (टेपर) आणि काउंटरवेटचं भोक दोन्ही तेल पुसून कोरडं करा, चावी (दोघांच्या खाचेत बसणारा लोखंडी तुकडा) तपासा. मोठा नट ५४ मिलिमीटरचा. १३बीच्या मॅन्युअल फ्लायव्हीलला माझदाचा टॉर्क ३९२ ते ४९० न्यूटन-मीटर आहे, तोच आकडा धरा. इम्पॅक्ट गनवर भागवू नका, लांब टॉर्क पाना आणा. टेपर पुरता बसला नाही तर सगळा भार चावीवर येतो आणि ती कापली जाते.

आता क्लच. एफडीचा क्लच पुल टाइप आहे, रिलीज बेअरिंग डायफ्रामला, म्हणजे प्रेशर प्लेटच्या चपट्या स्प्रिंगला, मागे ओढतं. आधीच्या आरएक्स-७चा, म्हणजे एफसी टर्बोचा, पुश टाइप, तिथे बेअरिंग ढकलतं. एफडीच्या बॉक्सला एफसीची प्रेशर प्लेट जोडली की फोर्क (बेअरिंग हलवणारा दांडा) उलट्या दिशेने काम करतो आणि क्लच सुटतच नाही. म्हणून प्रेशर प्लेट, बेअरिंग, फोर्क हे तिन्ही एकाच गाडीचे घ्या. एफडीचा बॉक्स उतरवताना बेलहाउसिंगच्या खिडकीतून बेअरिंग आधी डायफ्रामपासून सोडवा. तसाच ओढलात तर तो अडकतो आणि माणसं बेलहाउसिंगलाच पहार घालतात!

बॉक्स पुरेल का? मूळ २०बीचा टॉर्क ४०२ न्यूटन-मीटर, तर एफडीच्या सगळ्यात ताकदवान १३बीचा ३१४. पहिला गिअर ३.४८३, फायनल (डिफरन्शियलचं गुणोत्तर) ४.१०. म्हणजे चाकांकडे जाणारा टॉर्क साधारण ४४८० वरून ५७४० वर जातो. मूळ बूस्टवर (टर्बोच्या हवेच्या दाबावर), रस्त्यावर चालवायची गाडी असेल तर मी एफडीचाच बॉक्स ठेवीन. बूस्ट वाढवून चिकट टायरवर उभ्या गाडीतून झटका द्यायचा असेल तर नको.

मग पर्याय दोन: निसान ३५०झेडचा सीडी००९, नाहीतर ट्रेमेक टी५६. ताकद दोघांत आहे, पण गुणोत्तरं बघा. टी५६च्या शेवरोले कॅमेरोतल्या, एलएस१ या व्ही८ इंजिनाच्या आवृत्तीत पहिला २.६६ आणि सहावा ०.५०, खालच्या आरपीएमला जोर असणाऱ्या व्ही८साठी. मूळ २२५/५० आर१६ टायर आणि ४.१० फायनलवर पहिला गिअर ८०००ला ८७ किमी वेगापर्यंत ताणतो. एफडीच्या बॉक्सवर तो ६७, सीडी००९वर ६१. हलकं फ्लायव्हील, खाली जोर कमी आणि पहिला इतका लांब, म्हणजे प्रत्येक सिग्नलला क्लच भाजणार. सहाव्यात १००ला आरपीएम जेमतेम १७२०, तिथे रोटरी कण्हत चालते. सीडी००९चा पहिला ३.७९४, सहावा ०.७९४. तिसऱ्यातून चौथ्यात ८०००ला बदललं तर सुई ६२६०वर येते, एफडीच्या बॉक्सवर ५७५०वर. मोठ्या टर्बोला हे फार मानवतं.

पण बाहेरचा बॉक्स घेतला की काम वाढतं. एफडीत गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एका लांब फ्रेमने जोडलेले असतात, तिला पीपीएफ म्हणतात. डिफरन्शियलचं नाक तीच धरते. सीडी००९ला ती जोडायची सोय नाही, म्हणून गिअरबॉक्सला नवा क्रॉसमेंबर आणि डिफरन्शियलला वेगळा भक्कम आधार, दोन्ही हवेतच. नुसता क्रॉसमेंबर करून सोडलं तर क्लच सोडताच नाक वर उचलतं आणि प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो.

बाहेरचा बॉक्स इंजिनाला जोडणारी अडॅप्टर प्लेट बसवल्यावर फ्लायव्हीलला डायल गेज लावा, इंजिन हाताने फिरवत बेलहाउसिंगचं मधलं भोक मोजा. गेजची पूर्ण हालचाल ०.१३ मिलिमीटरपेक्षा जास्त नको. जास्त आली तर ऑफसेट डॉवेल (मध्यापासून सरकलेली, जागा नेमकी करणारी खुंटी) लावा. हे टाळलं की इनपुट शाफ्टचं बेअरिंग गुणगुणायला लागतं आणि गिअर अडतात. इनपुट शाफ्टचं टोक पायलट बेअरिंगमध्ये (इंजिनाच्या शाफ्टच्या मागच्या टोकातल्या छोट्या बेअरिंगमध्ये) किती शिरतं, तेही बॉक्स चढवण्याआधी मोजा. नुसतं टेकलेलं चालत नाही. बॉक्स बोल्ट आवळून खेचून बसवावा लागत असेल तर लगेच थांबा, काहीतरी भिडतंय.