रविवारची संध्याकाळ

श्रोतेहो, नमस्कार.

पुण्यातल्या बहुतेक मेसना रविवारी संध्याकाळी सुट्टी असते. दुपारी फीस्ट होते, म्हणजे पुरी, मसालेभात आणि वाटीभर श्रीखंड, आणि मग मेसवाल्या काकू जे कुलूप लावतात ते सोमवारी सकाळीच उघडतात. पहिल्यांदा घराबाहेर राहायला आलेल्या विद्यार्थ्याला हे आधी कोणी सांगितलेले नसते. शाळा सोडल्याचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, जात पडताळणीचे प्रमाणपत्र यांची फाईल वडिलांनी दहा वेळा तपासलेली असते. पण रविवारी रात्री काय खायचे, हा प्रश्न त्या फाईलमध्ये कुठेच बसत नाही. मुलांच्या एका वसतिगृहाचा अधीक्षक म्हणून बरीच वर्षे काम केल्यावर माझे असे मत झाले आहे की, विद्यार्थ्याचे स्वतंत्र राहणे खऱ्या अर्थाने याच संध्याकाळी सुरू होते.

एक प्रसंग सांगतो. जुलैअखेरचे दिवस होते, पाऊस लागून राहिला होता आणि लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेला मुलगा जिन्याच्या पायरीवर ग्लुकोज बिस्किटांचा पुडा घेऊन बसला होता. मी "जेवलास का रे?" असे विचारल्यावर तो "हो सर" म्हणाला. तेवढ्यात त्याच्या आईचा फोन आला आणि त्याने तिला बटाट्याची भाजी होती, चार पोळ्या खाल्ल्या, असे अगदी बारकाईने सांगितले. फोन ठेवल्यावर मात्र त्याला माझ्याकडे बघवेना. खिशात पैसे होते, कोपऱ्यावर हॉटेलही उघडे होते. अडचण एवढीच होती की, एकट्याने टेबलावर बसून जेवण मागवण्याची वेळ त्याच्यावर आयुष्यात कधी आलेली नव्हती. आम्ही दोघे छत्री घेऊन भुर्जीपावच्या गाडीवर गेलो. तिथे त्याने हळूच विचारले, "सर, इथं एकटा आला तरी देतात का?"

या प्रश्नाला हसू नये. घरात ताट वाढून समोर येते, त्यामुळे भूक लागली की आपणच काही करावे लागते ही गोष्ट अठराव्या वर्षापर्यंत अनेक मुलांच्या, विशेषतः मुलग्यांच्या, अनुभवाला आलेलीच नसते. मुली या बाबतीत थोड्या तयार असतात, पण त्याचे श्रेय आपल्या घरांना द्यावे की दोष, हा वेगळा विषय आहे.

पैशांचेही असेच होते. महिन्याच्या एक तारखेला घरून आलेली रक्कम वीस तारखेला संपते आणि कुठे गेली ते सांगता येत नाही. फोनवरून कोड स्कॅन करून दिलेले दहा-वीस रुपये हातातून गेल्यासारखे वाटत नाहीत. पण दिवसाला दोन चहा, एक वडापाव आणि थोड्या झेरॉक्स मिळून चाळीस रुपये धरले तरी महिन्याचे बाराशे होतात. मेसचे खाडे आदल्या दिवशी सांगितले तरच पैसे वळते होतात, हे तर शनिवारी न सांगता गावी जाऊन आल्याशिवाय कळत नाही. खोली कॉट बेसिसवर, म्हणजे एका खाटेपुरती, घेतलेली असली तरी डिपॉझिटची पावती आणि नोंदणी केलेला करार मागून घ्यावा. मालक सज्जन आहेत म्हणून कागद नको, असे म्हणू नये.

तरीही पैसा आणि पोट यांचे गणित दोन-तीन महिन्यांत जमते. उशिरा जमते ती दुसऱ्याला सांगण्याची गोष्ट. अंगात ताप असताना दोन दिवस खोलीत पडून राहिलेली मुले मी पाहिली आहेत, आणि विचारल्यावर प्रत्येक वेळी उत्तर एकच मिळाले की, कोणाला कशाला त्रास द्यायचा. स्वावलंबन म्हणजे कोणाकडे काही न मागणे, अशी समजूत ही मुले कुठून घेऊन येतात कोण जाणे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. 'स्वावलंबी शिक्षण' हे ब्रीद मिरवणाऱ्या त्या वसतिगृहात वेगवेगळ्या जातींची मुले मिळून कष्ट करीत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंगतीत जेवत. त्याही आधी पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून, म्हणजे रोज वेगळ्या घरी, जेवत असत. शिक्षणासाठी घर सोडलेल्या मुलाने एकट्याने निभावून न्यावे, अशी आपल्याकडची रीत कधीच नव्हती.

म्हणून आजारी पडलात तर शेजारच्या खोलीचे दार वाजवा आणि निदान एका मित्राकडे घरचा फोन नंबर देऊन ठेवा. मन फारच उदास राहात असेल, झोप उडाली असेल, तर 'टेलिमानस' या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते.

पालकांनाही एक विनंती आहे. रविवारी संध्याकाळी फोन करताना "जेवलास का?" हा प्रश्न विचारू नका, कारण त्याचे उत्तर "हो" असेच येते. "कोणाबरोबर जेवलास?" असे विचारा, या प्रश्नाला चटकन खोटे उत्तर सुचत नाही आणि उत्तर द्यायला जो थोडा वेळ लागतो, त्यातून तुम्हाला बरेच काही कळते.

आमच्या वसतिगृहात त्या पावसाळ्यानंतर एक पद्धत पडली आहे. रविवारी साडेसातला, जे गावी गेलेले नाहीत ते फाटकाशी जमतात आणि मिळून जेवायला जातात. ज्याचे पैसे त्याने द्यायचे. याची सूचना मी फलकावर कधी लावलेली नाही. पहिल्या एक-दोन रविवारी नवी मुले थोडी लांब, सायकल स्टँडपाशी, मोबाईलमध्ये बघत उभी राहतात. मग जुन्यांपैकी कोणीतरी हाक मारतो, "अरे, येतोयस ना?"

नमस्कार.