आजोबांची वही

नमस्कार श्रोतेहो.

मी सांगलीत स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलांना शिकवते. गेल्या पावसाळ्यात पाच वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे यायला लागला. हाक मारली तरी वळून बघायचा नाही, बोलणं दोन-चार शब्दांचं. कॅलेंडरातले आकडे मात्र बोट ठेवून एकेक वाचायचा. आई मान खाली घालून बसलेली. म्हणाली, "ताई, सासूबाई म्हणतात, पोटात असताना तू मोबाईल फार बघितलास. ग्रहणही पाळलं नाहीस."

हे मला वारंवार ऐकावं लागतं आणि दर वेळी पोटात तुटतं. म्हणून आज त्याबद्दलच बोलते.

आईला बोल लावण्याची रीत आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेत लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञांनी १९४३ साली अशा अकरा मुलांचं वर्णन केलं. त्यानंतर कितीतरी वर्षं शिकलेसवरलेले तज्ज्ञच म्हणत राहिले की आईनं माया केली नाही, म्हणून मूल असं झालं. ते खोटं ठरवलं जुळ्यांनी. १९७७ साली ब्रिटनमध्ये सुझन फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या. हुबेहूब जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी चार जोड्यांत दोन्ही भावंडं स्वमग्न होती. नुसत्याच एका वेळी जन्मलेल्या जुळ्यांच्या १० जोड्यांत मात्र अशी एकही जोडी नव्हती. दोन्हीकडे आई एकच, घर एकच. मग फरक कशाचा? आईबापांकडून आलेली जनुकं किती सारखी, याचा; हुबेहूब जुळ्यांत ती जवळजवळ सगळीच सारखी असतात.

पुढे २०१९ साली पाच देशांतल्या २० लाखांवर मुलांच्या नोंदी पाहिल्या गेल्या. कुणात स्वमग्नता येते आणि कुणात नाही, या फरकाचा सुमारे ८० टक्के वाटा अनुवंशिकतेचा निघाला. एकच एक जनुक यामागे नसतं. हजारो बारीक फरक आईकडून आणि बापाकडून, दोन्ही घराण्यांतून, थोडेथोडे येतात. काही मुलांत मात्र एकच मोठा बदल असतो, तोही आईबापांत नसलेला, बीजात नव्यानं झालेला. तिथे तर कुणाकडेच बोट दाखवता येत नाही.

आणि हे बारीक फरक तुमच्या-माझ्यातही आहेत. एकाच गोष्टीत तासन्‌तास रमणं, ठरलेला क्रम मोडला की बेचैन होणं, गर्दीत जीव घुसमटणं, हे गुण समाजात कमीजास्त पसरलेले असतात. आमच्या सांगलीच्या आयर्विन पुलाखाली पावसाळ्यात कृष्णा चढते तशी ही चढण सलग आहे. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, या रेघा आपण मारलेल्या. पण रेघ आपली म्हणून वरचं पाणी खोटं ठरत नाही. "थोडेफार आपण सगळेच तसे" असं म्हणून ज्याला बोलताच येत नाही त्याची अडचण झटकून टाकू नका. पुराची उपमा मात्र इथवरच. लेकरू म्हणजे संकट नव्हे.

पुढच्या वेळी मी त्या मुलाच्या आजोबांना बोलावलं. ते दाराशीच उभे राहिले. लग्नकार्याला जात नाहीत, ताट ठरलेल्या जागीच लागतं, असं सूनबाई हळूच म्हणाली. त्यांच्या पिशवीत लाल पुठ्ठ्याची वही होती. रोज सकाळी सातला पुलाखालची पातळी, फूट आणि इंच, एकाच शाईत, कित्येक वर्षांची. नातवात आलं ते यांच्याकडूनच, असं मी म्हणणार नाही, कुणालाच तसं म्हणता येणार नाही. मी एवढंच विचारलं, "आजोबा, लहानपणी तुम्ही कसे होता?"

ते बराच वेळ गप्प राहिले. मग सुनेकडे बघून म्हणाले, "मी सहा वर्षांचा होईस्तोवर बोललो नव्हतो, पोरी. माझ्या आईला काय काय ऐकावं लागलं असंल."

तोवर पोरगं त्यांच्या मांडीवर चढलं होतं. वहीचं पान उघडून, बोट ठेवून वाचत होतं, "एकोणचाळीस. चाळीस. एक्केचाळीस."