कापड कायदेशीर, शेत बेकायदा

मंडळी, टेबलावर डायपरसाठी वापरतात त्या कापडाचे दोन तुकडे ठेवलेत. एक सुती, दुसरा हेम्प, म्हणजे भांगेच्या जातीच्या झाडाचा धागा, मिसळलेला. दोन्हींवर पाणी ओततो. सुती तुकड्यानं ते लगेच पिऊन टाकलं, हेम्पवर मात्र थेंब अजून तसेच बसलेत. कुणालाही वाटेल, डायपरला हे कापड काय कामाचं? जरा दम धरा. हेम्प पाणी सावकाश घेतं, पण तेवढ्याच जाडीच्या सुती कापडापेक्षा जास्त घेतं आणि धरूनही ठेवतं. रात्रीच्या लंगोटाला आयांची पसंती याला का, ते आलं ना लक्षात?

बाळ शू करतं ते एकदम, म्हणून हेम्पचा थर खाली आणि सुती वर, अशी जोडणी करायची. वरचा थर झटकन टिपतो, खालचा साठवतो. बाजारात मिळणारं कापड सहसा निव्वळ हेम्पचं नसतं. ५५ टक्के हेम्प आणि ४५ टक्के कापूस हे नेहमीचं मिश्रण, कारण नुसतं हेम्प फार ताठ. नव्या कापडाच्या धाग्यात नैसर्गिक मेण आणि तेल असतं, ते पाण्याला आत येऊ देत नाही. त्यामुळे वापरण्याआधी गरम पाण्यात अनेकदा धुवावं लागतं. फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको, त्याचा थर चढला की शोषण गेलंच. दोरीवर वाळवलं की हे कापड पुठ्ठ्यासारखं होतं. हातानं चोळलं की नरम पडतं.

‘हेम्प जंतूंना मारतं’ असं विकणारे हमखास सांगतात. त्यावर विसंबू नका. लघवीनं भिजलेलं कुठलंही कापड न धुता ठेवलं तर वास मारणारच, हेम्पही मारतं.

आता कायद्याकडे येऊ. मी अमेरिकेबद्दलच बोलणार, कारण ही सगळी विसंगती तिथे अगदी उघडी पडते. हेम्प म्हणजे भांगेच्याच जातीचं झाड, पण नशा आणणारं टीएचसी त्यात नाममात्र. १९३७ साली तिथे मारिवानावर, म्हणजे गांजावर, कर बसवणारा कायदा झाला. त्याच्या व्याख्येतून झाडाचा पक्व दांडा आणि त्यापासून काढलेला धागा वगळला होता. १९७० च्या अमली पदार्थ कायद्यातही ती सवलत तशीच राहिली. म्हणजे धागा आणा, विणा, लंगोट शिवून विका, कुणी अडवणार नाही. पण तो दांडा ज्या झाडाचा, त्याला पानं-फुलं येतात, आणि ती बंदीत. परवान्याशिवाय झाड लावलं की गुन्हा, आणि परवाना मिळणं जवळजवळ अशक्य. घरी बसून डायपर शिवणारी बाई चीन किंवा रुमेनियातून आलेलं कापड खुशाल वापरायची, शेजारच्या शेतकऱ्याला मात्र ते पिकवता येत नव्हतं.

गंमत अशी की याच सरकारनं १९४२ मध्ये शेतकऱ्यांना हेम्प लावायला सांगितलं होतं. जपाननं फिलिपिन्स घेतल्यावर दोरखंडांचा कच्चा माल तुटला होता, म्हणून. युद्ध संपलं, तशी ती निकडही संपली. शेजारच्या कॅनडानं १९९८ मध्ये औद्योगिक हेम्पला परवाने दिले. फ्रान्समध्ये तर लागवड कधी पूर्ण थांबलीच नव्हती. अमेरिकेनं २०१४ च्या कृषी कायद्यात संशोधनापुरती वाट ठेवली आणि २०१८ मध्ये हेम्पला अमली पदार्थांच्या यादीतून बाहेर काढलं.

मुख्य अट अशी: वाळलेल्या वजनात टीएचसी ०.३ टक्क्यांहून अधिक नको. हा आकडा आला कुठून? १९७६ मध्ये स्मॉल आणि क्रॉन्क्विस्ट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी वर्गीकरणाच्या सोयीसाठी ही रेघ ओढली. यापुढे नशा येते, असं त्यांना म्हणायचं नव्हतं. आज त्याच रेघेवर शेतकऱ्याचं वर्ष टांगलेलं असतं. तपासणीत पीक जास्त भरलं की ते नष्ट करायचं, नाहीतर नियमाप्रमाणे फुलं काढून टाकण्यासारखे उपाय करायचे. कापडासाठी लावलेल्या शेतात दांडा महत्त्वाचा, तरी नमुना सहसा घेतात तो फुलांच्या शेंड्याचा. माझ्या मते धाग्याच्या पिकाला वेगळा नियम हवा.

मग २०१८ नंतर अमेरिकन हेम्पचे डायपर बाजारात भरभरून आले का? नाही. बहुतेकांनी लावलं ते सीबीडी या फुलांतून मिळणाऱ्या, नशा न आणणाऱ्या द्रव्याच्या तेलासाठी, कारण पैसा तिथे दिसत होता. ती लागवड वेगळीच: रोपं लांब लांब, झुडपासारखी, फुलांसाठी. धाग्याला दाट पेरा लागतो. म्हणजे झाडं फांद्या न फोडता सरळ उंच जातात आणि सावलीनं तणही दबतं.

आणि कापणी झाली म्हणजे कापड झालं असं नाही. दांडे दवावर किंवा पाण्यात सडवायचे, मग वाख, म्हणजे सालीतला धागा, सोलायचा. दवावर सडवलं तर हवामानाच्या भरवशावर राहायचं, पाण्यात सडवलं तर ते घाण पाणी सोडायचं कुठे हा प्रश्न. पुढे तो लांब, राठ वाख कापसाच्या यंत्रावर चालेल इतका बारीक आणि मऊ करायचा. ही यंत्रं, हे कसब पिढ्यान्‌पिढ्या वापरात असतं तेव्हाच टिकतं. अमेरिकेत ती साखळी बंदीच्या काळात मोडली, चीनमध्ये चालू राहिली. कायद्यानं शेत परत दिलं. गिरणी कायद्यानं उभी राहत नाही, तिला भांडवल आणि खात्रीचं गिऱ्हाईक लागतं. डायपर शिवणाऱ्या छोट्या उद्योगांची मागणी तेवढी मोठी नाही. जीन्स, चादरी, गाड्यांच्या आतले भाग बनवणारे आले, तरच गिरणीवाला हिशेब मांडायला बसेल.

तोवर पाकिटावर ‘अमेरिकन हेम्प’ असं छापलेलं दिसलं तर विकणाऱ्याला तीन प्रश्न विचारा: उगवलं कुठे, कातलं कुठे, शिवलं कुठे. बहुतेकांना फक्त तिसऱ्याचं उत्तर देता येतं.