'लेड ऑफ' की 'फायर्ड'?

नमस्कार श्रोतेहो.

नोकरीच्या मुलाखतीत 'आधीची नोकरी का सुटली?' हा प्रश्न हमखास येतो. कंपनीत काम उरलं नाही म्हणून ज्याला कमी केलं, असा माणूसही गडबडीत सांगून मोकळा होतो, 'आय वॉज फायर्ड.' समोरच्याच्या कपाळावर लगेच आठी. कारण 'फायर' केलं म्हटलं की याचं काहीतरी चुकलं असणार, निदान काम तरी पसंत पडलं नसणार, असाच अर्थ निघतो. त्यानं म्हणायला हवं होतं, 'आय वॉज लेड ऑफ.' मागणी घटली, विभाग बंद झाला, खर्चाला कात्री लागली. माझ्या कामाबद्दल तक्रार नव्हती. हे सगळं त्यात आपोआप येतं.

पूर्वी 'ले ऑफ' बहुधा तात्पुरतं असायचं. काम नसलं की कामगारांना घरी बसवायचं, काम आलं की परत बोलवायचं. हल्ली बातम्यांत हा शब्द येतो तेव्हा परतीची वाट बहुतेक वेळा बंदच असते. शब्द मात्र मवाळ राहिला, आणि कंपन्यांना तो का आवडतो हे काही वेगळं सांगायला नको. ब्रिटनमध्ये मात्र अशा कायमच्या कपातीसाठी 'मेड रिडंडंट' जास्त ऐकू येतं.

अर्जात लिहिताना एक सांभाळा. भूतकाळी 'लेड'चं स्पेलिंग एल-ए-आय-डी, 'पे'चं 'पेड' होतं तसं. 'प्लेड'सारखं शेवटी ई-डी लावू नका.

खरी गंमत शब्दक्रमात आहे. 'दे लेड ऑफ द वर्कर्स' चालतं, 'दे लेड द वर्कर्स ऑफ' हेही चालतं. पण नावाऐवजी सर्वनाम आलं की त्याची जागा ठरलेली, मधोमध: 'दे लेड हिम ऑफ.' इथे 'हिम' उचलून शेवटी टाकलंत, तर वेगळाच अर्थ लागतो. 'ले ऑफ हिम' म्हणजे त्याच्या मागे लागू नकोस, त्याला त्रास देणं थांबव! तेव्हा मोठे साहेब तुमच्या सुपरवायझरला तुमच्याबद्दल 'ले ऑफ हिम' म्हणताना कानावर आलं, तर घाबरू नका. नोकरी शाबूत आहे. बोलणी सुपरवायझरलाच बसताहेत.